सुनेचे नाव कमी करण्यास सासूची हरकत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय (पुरवठा शाखा),
केज, जि. बीड.

अर्जदार : विमलबाई भ्र. बबनराव चौरे, वय साठीच्या आसपास, धंदा पूर्वी ऊसतोड, सध्या शेतमजुरी व नात सांभाळणे, रा. मौजे बोरदरा, ता. केज, जि. बीड.

विषय : माझी सून रोहिणी भ्र. आदिनाथ चौरे हिचे नाव आमच्या शिधापत्रिकेतून कमी करण्यास हरकत घेणेबाबत, व त्याअनुषंगाने दुसऱ्या एका विनंतीबाबत.

संदर्भ : १) माझा मुलगा आदिनाथ बबनराव चौरे याने दिलेला नाव कमी करण्याचा अर्ज.
२) त्यावर म्हणणे मांडण्यासाठी मला आलेली आपल्या कार्यालयाची नोटीस.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ ची नोटीस मला पोचली. मला वाचता येत नाही, सबब गावातील स्वस्त धान्य दुकानदार उत्तरेश्वर यांनी ती मला वाचून दाखविली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून माझे नाव असल्याने माझे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय होणार नाही, असेही त्यांनी सांगितले. हे म्हणणे मी तहसीलच्या आवारातील अर्जनवीस शहादेव यांच्याकडून लिहून घेत आहे. साहेबांना वेळ नसतो, अर्ज एका पानात संपवावा, असे त्यांचे मत पडले. परंतु एका पानात माझी सून बसत नाही, सबब त्यांनी माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे.

२. रोहिणी सदर पत्त्यावर राहत नाही आणि तिने दुकानातील यंत्रावर अंगठा दिलेला नाही, अशी दोन कारणे नोटिशीत आहेत. दोन्ही खरी आहेत. ती इंग्लंड देशात आहे, तेव्हा तिचा अंगठाही तिकडेच आहे. माझी हरकत तिसऱ्या गोष्टीला आहे. आदिनाथने आपल्या अर्जात "कायमची निघून गेली" असे लिहून दिले आहे. ते खरे नाही. ती कशी गेली आणि कशी अडकली हे मी घरात बसून पाहिले आहे.

३. रोहिणी ही धर्मापुरीकडची, ऊसतोड कामगाराची मुलगी. आईबाप कारखान्यावर गेले की ती गावात वसतिगृहात राहून शिकली आणि नर्सिंगचा कोर्स केला. लग्न झाल्यावर केज येथील एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली. माझा मुलगा आदिनाथ हा केज ते धारूर रस्त्यावर जीप चालवतो. तिची ड्यूटी सुटायची वेळ धरून तो फेरी लावी. ड्रायव्हरशेजारची जागा तो कोणालाच देत नसे. पॅसेंजर भांडत, "अरे, रिकामी तर हाय की!" तर तो म्हणे, "रिकामी न्हाई, दवाखान्यापाशी भरंल." ही गोष्ट या रस्त्यावरील कोणालाही विचारावी. दोघांचे चांगले होते एवढे आपल्या ध्यानात यावे म्हणून हे लिहिले आहे. त्यांना एक मुलगी आहे, नाव करिष्मा.

४. इंग्लंडचे काम कसे निघाले, ते रोहिणीने मला एकदा भाकरी थापता थापता समजावून सांगितले होते. तो देश पूर्वी शेजारच्या पुष्कळ देशांबरोबर व्यापाराच्या एका संघात होता. संघातली माणसे एकमेकांकडे मोकळेपणी कामाला जात. पुढे तो देश संघातून बाहेर पडला, कामावर माणसे ठेवण्याचे कायदे त्याने नव्याने केले, आणि मग तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालायला, भरवायला, अंथरूण बदलायला माणूस मिळेना. मी म्हणाले, "म्हंजी भावकीतून वेगळं निघालं अन् एकमेकाच्या रानात राबायची सावड तुटली म्हन की." ती हसून म्हणाली, "तसंच, आई. म्हणून आता लांबून माणसं बोलवायलेत." आपल्याकडच्या नर्सिंग शिकलेल्या मुलींना त्या वेळी तेथून मागणी होती.

५. त्या वेळच्या कायद्यात कामाला जाणाऱ्याला नवरा आणि लेकरे सोबत नेता येत होती. हे मी मुद्दाम लिहायला लावले आहे, कारण ती लेकरू टाकून गेली असे गावात बोलले जाते. तिघांनी मिळून जायचे ठरले होते. केजच्या बाजारातून मायलेकींसाठी एका रंगाचे स्वेटर आणले. करिष्मा ऐन उन्हाळ्यात तो घालून अंगणात फिरे आणि घाम आला तरी काढू देत नसे. परंतु करिष्माच्या जन्माच्या दाखल्यावर नावच नव्हते. बारशानंतर ते घालायचे आमच्याकडून राहून गेले होते. ते नाव घालून, मग पासपोर्ट होऊन, मग तिघांचे कागद एकत्र जायचे होते. तेवढ्यात मार्च २०२४ मध्ये इंग्लंडने कायदा पुन्हा बदलला. म्हाताऱ्यांच्या सेवेला नव्याने येणाऱ्या माणसाने यापुढे एकट्याने यावे, नवरा, बायको, लेकरू कोणालाही आणू नये, असा तो कायदा.

६. काम लावून देणाऱ्याचा फोन आला तेव्हा रोहिणी ओट्यावर बसली होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मी जात न्हाई." आदिनाथनेच तिला समजावले. "आज बदलला तसा उद्या परत बदलंल कायदा. तू पुढं हो, आमी मागून येतो," असे तो म्हणाला. तोपर्यंत खर्चही होऊन गेला होता. किती झाला व कोठून आणला हे मी येथे लिहीत नाही, कारण माझा अर्ज पैशाविषयी नाही. पण तो झाला नसता तर ती गेलीही नसती, किंवा गेली असती तरी अडकल्यावर उलट पावली परत आली असती, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

केजच्या स्टँडवरून ती पुण्याच्या गाडीत बसली. आदिनाथने करिष्माला खिडकीतून वर दिले. तिने लेकराचा मुका घेतला आणि परत खाली दिले, तर लेकराने आईच्या गळ्यातली ओढणी मुठीत धरलेली. कंडक्टरने घंटी मारली. रोहिणीने ओढणी सोडवून घेतली नाही, गळ्यातून तशीच जाऊ दिली.

७. साहेब, मी व माझे मालक बबनराव यांनी, ते हयात असेपर्यंत, जोडीने ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम एकट्या बाईला उचलत नाही, एकट्या गड्यालाही सहसा नाही. आदिनाथ तान्हा असताना त्याला मी उसाच्या पाचटावर टाकून काम केले आहे. आम्हाला कायदा माहीत नव्हता आणि कायद्याला आम्ही माहीत नव्हतो. त्या कामाचे चांगले सांगावे असे माझ्याकडे काही नाही. पण लेकरू घरी ठेवून ये, असे मला कोणत्या मुकादमाने कधी म्हटले नाही. रोहिणी कोयत्यापासून सुटावी म्हणून शिकली, आणि शिकून जिथे गेली तिथे लेकरू नेता येत नाही. हे मी रात्रंदिवस डोक्यात फिरवून पाहिले. मला ते जुळत नाही. शहादेव म्हणतात की हा परिच्छेद कामाचा नाही. तरी राहू द्यावा.

८. पहिले वर्ष बरे गेले. ती रोज फोन करी. तिकडच्या गमती सांगे. "आई, हितं म्हाताऱ्या बाईला नावानं हाक मारावं लागतं. तुमच्या वयाच्या बाईला! माझ्या जिभेवर लई दिस येईना," असे एकदा म्हणाली. आदिनाथ फेरी संपवून आला की तो, करिष्मा आणि मी असे तिघे फोनपुढे बसत असू.

नंतर ती ज्या कंपनीत होती तिचा परदेशी माणसे ठेवण्याचा परवाना तिकडील सरकारने काढून घेतला. चूक कंपनीची होती. परंतु तिथला कायदा असा आहे की ज्या मालकाच्या नावावर माणूस आला त्याचा परवाना गेला, तर त्या माणसाने साठ दिवसांत दुसरा परवानाधारक मालक शोधावा, नाहीतर देश सोडावा. रोहिणी एका केरळच्या नर्सच्या खोलीत जमिनीवर झोपे आणि दिवसा म्हाताऱ्यांच्या आश्रमांची दारे हिंडे. अखेर मुदतीच्या आत तिला एक जागा मिळाली. मग मालक बदलण्याच्या परवानगीसाठी तिने सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला नवे काम सुरू करता येत नव्हते, आणि देशही सोडता येत नव्हता. देश सोडला तर अर्ज आपोआप रद्द. म्हणजे तिथे राहून पोट भरता येईना, आणि घरी यावे तर पुन्हा जाता येईना.

९. नेमक्या त्या काळात करिष्माला डेंग्यूचा ताप आला. अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवले. रक्तातल्या पेशी उतरत चालल्या होत्या. आदिनाथ जीप लावून तिच्या उशाशी बसला, उठलाच नाही. लेकरू तापात एकच नाव घेई. त्याने फोन तिच्या कानाला धरला, तर पलीकडून रोहिणी म्हणाली, "मी निघते. जाऊ द्या समदं. मी यायलेय." आदिनाथने लेकराला सांगितले, "बाळा, आई यायलीय." त्या शब्दावर लेकराने दूध घेतले. रोहिणीने खरोखरच बॅग भरली होती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि डॉक्टर म्हणाले, धोका टळला. आदिनाथने ते फोन करून कळवले. रोहिणीने खूप वेळ रडून घेतले आणि मग विचारले, "मग आता येऊ का थांबू?" तो काही बोलला नाही. त्याला वाटले, हे आपण सांगावे लागू नये. तिला वाटले, गप्प बसलाय म्हणजे थांब म्हणतोय. ती थांबली.

घरी आणल्यावर करिष्मा वेणी घालून घेऊन ओट्यावर बसू लागली. कोणी विचारले की सांगे, माझी आई यायलीय. चार-पाच दिवस बसली. मग आपणहून उठून आत आली, आणि त्यानंतर फोन वाजला की ती शेजारी पळून जाऊ लागली. मी धरून आणले तर म्हणाली, "मला तिच्यासंग न्हाई बोलायचं. ती येत न्हाई." तिची आई पलीकडून हे ऐकत होती. मी फोन बंद करायला गेले, पण मला तो बंद करता येत नाही.

१०. आदिनाथ तेव्हापासून बदलला. तो दारू पीत नाही, माझ्याशी वाईट बोलत नाही, लेकराची हेळसांड करत नाही. आपल्यापुढे त्याला वाईट ठरवावे असा माझा हेतू नाही. फक्त तो जेवताना ताटाकडे बघत नाही आणि कोणी हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागते. रोहिणीच्या नव्या कामाला यथावकाश परवानगी मिळाली, ती कामावर गेली, परंतु नवरा आणि लेकरू आणायला परवानगी नाही हे तसेच राहिले. उलट तिथे कायमचे राहण्याची परवानगी मिळायला लागणारी वर्षे आणखी वाढविण्याची बोलणी सरकारात चालू असल्याचे तिने कळविले. ते ऐकून आदिनाथ एवढेच म्हणाला, "दरसाल नवा कायदा. आमी कवर वाट बघावी?"

अशात माझी नणंद छबुबाई, जी चकलांब्याला दिलेली आहे, ती दिवाळीला आली आणि त्याच्यासाठी तिकडची एक मुलगी सुचवून गेली. मुलगी गरिबाची आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यानंतर आठवडाभराने आदिनाथ एक कागद घेऊन माझ्यापुढे बसला.

"आई, अंगठा दे."

"कशाचा कागद हाय?"

त्याने खोटे सांगितले नाही. "रोहिणीचं नाव कमी करायचा. वकील म्हणलाय, फारकतीला उपयोगी पडंल."

मी म्हणाले, "लेकरा, ती काय पळून गेलीय का? आपनच धाडली तिला."

तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. "ये म्हणलं तर येता येत न्हाई, ने म्हणलं तर नेता येत न्हाई! मग ही माझी बायको हाय का पगार हाय? महिन्याला खात्यात येती, घरात येत न्हाई!" असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण अंगठा दिला नाही. त्याने स्वतःच्या सहीने अर्ज दिला. तोच संदर्भ क्र. १ होय.

११. नोटीस आल्यावर मी शेजारच्या मुलीकडून रोहिणीला फोन लावून घेतला आणि तिला सर्व सांगितले. माझी अपेक्षा होती की ती भांडेल. मला बोलेल, त्याला बोलेल, छबुबाईला शिव्या देईल. तिने आधी करिष्मा जेवली का ते विचारले. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, मी सही देते."

मी म्हणाले, "कावून? तू कावून सही देतीस?"

"ते तिकडं, मी हितं. दोघांनीबी कावून जळायचं, आई? एकाचं तरी घर होऊ द्या. करिष्माला तेवढं तुमच्यापाशी ठेवा." मग तिने विचारले, "अन् मी तुम्हाला काय म्हणू आता? आई म्हणलं तर चालंल का?"

साहेब, या प्रश्नावर मी तिला फार वाईट शिवी दिली. ती येथे लिहिता येणार नाही. शिवी ऐकून ती रडायला लागली आणि मीही. आमच्या दोघींचे आयुष्यात कधी भांडण झालेले नाही.

१२. त्यानंतर मी विचार केला. आदिनाथला थांब म्हणण्याचा मला हक्क नाही. मी स्वतः तरुण वयात विधवा झालेली असल्याने रिकाम्या घरात दिवस कसा उतरतो हे मला माहीत आहे. रोहिणीला ये म्हणण्याचाही हक्क नाही, कारण ती ज्या ओझ्याखाली आहे ते आमच्या सर्वांचे आहे. फारकतीचे काय ते कोर्ट पाहील. इंग्लंडचा कायदा आपल्या अखत्यारीत नाही, हे शहादेव यांनी मला दोनदा समजावून सांगितले आहे. आपल्या अखत्यारीत माझी शिधापत्रिका आहे. सबब मी तेवढ्यापुरतेच मागत आहे.

विनंती की :

(अ) रोहिणीचे नाव माझ्या शिधापत्रिकेवर आहे तसे ठेवावे. नियमात बसत नसल्यास तिच्या वाट्याचे धान्य देऊ नये. ते मला नको आहे. तिच्या नावापुढे काही शेरा मारावयाचा असल्यास मारावा, फक्त "निघून गेली" असा मारू नये. "कामावर आहे" असा मारावा.

(ब) एका शिधापत्रिकेवर या दोघांची नावे यापुढे एकत्र ठेवता येत नसतील आणि एक नाव कमी करणे भागच असेल, तर कुटुंबप्रमुख या नात्याने माझे म्हणणे असे की, माझा मुलगा आदिनाथ याचे नाव कमी करून त्यास विभक्त शिधापत्रिका द्यावी. मी, माझी सून व माझी नात अशा आम्ही तिघी एका शिधापत्रिकेवर राहू.

हे ऐकल्यावर अर्जनवीस शहादेव यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला विचारले की, बाई, पोटचा मुलगा काढून सून ठेवायची, असे खरेच लिहू काय. मी लिहा म्हणाले. आदिनाथ आवाराबाहेर जीपपाशी उभा होता. मला केजला त्यानेच आणले. शहादेव यांनी त्याला बोलावून वरील मजकूर वाचून दाखविला. मला वाटले होते तो रागावेल. तो म्हणाला, "बरोबर हाय तिचं. तसंच लिवा." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने संमती लिहून दिली, ती सोबत जोडली आहे. सही करून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल, दिस मावळायच्या आत घरी सोडतो तुला."

(क) शेवटची विनंती माहितीपुरती आहे. ज्याचे नाव शिधापत्रिकेतून वेगळे झाले, त्याला त्याच्या आईने घरी बोलावून जेवू घालण्यास काही हरकत असते काय, हे मला कळवावे. नियमात हरकत नसेल तर तसे लेखी द्यावे. मी ते त्याला दाखवीन. लेखी असल्याशिवाय तो येणार नाही, त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखविला. मी सांगितले तसाच आहे.

आपली नम्र अर्जदार,

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
विमलबाई भ्र. बबनराव चौरे

स्थळ : केज
दिनांक : १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) शिधापत्रिकेची झेरॉक्स.
२) आपल्या कार्यालयाची नोटीस.
३) रोहिणीच्या पासपोर्टची झेरॉक्स.
४) आदिनाथ बबनराव चौरे याची स्वतःचे नाव कमी करण्यास संमती.